तिथीची पाऊणपट

कादंबरीच्या नवव्या प्रकरणात मी एक वाक्य लिहून ठेवलं होतं: ‘दुपारी भरती आली आणि वाशीचं दार बंद झालं.’ दीड वर्ष ते वाक्य तसंच होतं. वाचणाऱ्याला त्यात काही खटकलं नसतं. पण माझी नायिका त्याच दाराची राखणदार आहे, तिचं सगळं आयुष्य पाण्याच्या वेळेवर चालतं, आणि तिची गोष्ट लिहिणाऱ्या मला ‘दुपारी’ म्हणजे किती वाजता हे सांगता येत नव्हतं. माझे सॉफ्टवेअरचे आणि संगणकावरच्या खेळाचे उद्योग सुरू झाले ते या एका शब्दापासून.

मी ठाणे पूर्वेला राहते, नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावर. शिक्षणाने अकाउंटन्सीची. विज्ञानकथा लिहिते ती पहाटे आणि रविवारी. चालू कादंबरी ही दुसरी. ती घडते २१४० सालात, ठाण्याच्या खाडीत आणि खाडीकाठच्या नवी मुंबईत.

त्या दारांबद्दल आधी सांगायला हवं, कारण ती काल्पनिक नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीवर शहर वसवायचं ठरलं, तेव्हा पावसाचं पाणी जाणार कुठे हा मोठा प्रश्न होता. उंच भरतीला खाडीची पातळी या जमिनीच्या वर जाते. तोडगा निघाला तो डच पद्धतीचा. शहराचं पाणी आधी मोठ्या तळ्यांत घ्यायचं. हेच आपले धारण तलाव. तळ्याच्या खाडीकडच्या तोंडाला झडपेची दारं. ओहोटीला तळ्यातलं पाणी आतून दार ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून धरतं. कळ दाबायला माणूस लागत नाही, पाणीच पाण्याला अडवतं. मला हे कळलं तेव्हा मी रात्रभर जागी होते. जोराचा पाऊस आणि उंच भरती एकाच वेळी आली की शहराला खाडी उतरेपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या दुपारी समुद्रही भरतीवर होता. ज्यांनी ती रात्र रेल्वेरुळांवर किंवा ऑफिसात काढली त्यांना हे गणित कोणी समजावायला नको.

म्हणून ‘दुपारी’ हा शब्द मला बोचत होता. एखाद्या दिवशी दार नक्की किती वाजता मिटतं आणि किती वाजता सुटतं, हे सांगणारा छोटा प्रोग्राम लिहायचा असं ठरवलं. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा मी ऑफिसच्या तक्त्यांसाठी शिकले होते. लेखनासाठी तोवर त्यात एकच गोष्ट केली होती, रोज किती शब्द झाले ते मोजणारी दहा ओळींची फाइल. त्या फाइलनेच मला मोठा धक्का दिलेला होता, तोही इथे सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही तो बसू शकतो. शब्द ओळखायचं जे ठरीव चिन्ह पायथॉनच्या नेहमीच्या शोधयंत्रणेत असतं, ते मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. ‘पाणी’ हा त्याच्या लेखी एक शब्द नाही. ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे. ‘होतं’चेही दोन. कितीतरी महिने मी रोज दोन-अडीच हजार शब्द लिहिते आहे अशा समाधानात होते, आणि प्रत्यक्षात ते अकराशेच्या आसपास होते. चिन्ह बदलून तिथे देवनागरीचा पूर्ण पट्टा दिला तेव्हा मोजणी सरळ झाली. पण त्या दिवसापासून यंत्राने दिलेला आकडा हाताने एकदा पडताळल्याशिवाय मी मानत नाही.

भरतीचं गणित मुळात सुंदर आहे. समुद्राची चढउतार म्हणजे वेगवेगळ्या गतीच्या लाटांची बेरीज. चंद्राची मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची. दोघींची टोकं जुळली की उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, एकमेकींना छेद गेला की भांग, म्हणजे सगळ्यांत छोटी. त्यांच्या जोडीला चंद्र जवळ-लांब होण्याच्या, उत्तर-दक्षिण सरकण्याच्या लाटा. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७०च्या दशकात हीच बेरीज पितळेच्या चाकांवर आणि कप्प्यांवर करणारं यंत्र बनवलं, आणि त्याच दशकात हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तसंच एक यंत्र लंडनला तयार झालं. आपल्या बंदरांची उद्याची भरती तिकडे हँडल फिरवून काढत, हे वाचून मला वाटलं की आपण विज्ञानकथा उगाच भविष्यात शोधतो.

मुंबई बंदराच्या प्रत्येक लाटेची उंची आणि तिचा उशीर हे आकडे छापील मिळतात. ते भरले, कोसाइनची बेरीज केली, आलेख काढला. वर-खाली जाणारी देखणी रेघ आली. वर्षभराचं पाणी माझ्या पडद्यावर होतं.

मग मी ती रेघ घेऊन चेंदणी कोळीवाड्याच्या बंदरावर गेले.

तिथे एक नाखवा आहेत, सत्तरीच्या पुढचे. कादंबरीसाठी माहिती विचारायला मी त्यांच्याकडे आधीही जात असे. तो रविवार होता, कृष्ण पक्षातली तृतीया. लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि त्यांना म्हटलं, “नाखवा, माझ्या हिशेबाने तीनच्या सुमाराला पूर्ण सुकती.” सुकती म्हणजे ओहोटी. ते खाडीकडे बघत होते. म्हणाले, “बाय, आज तीज ना? तीनची पाऊणपट किती?”

सव्वादोन. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोकणपट्टीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं गणित. मी ते लहानपणी ऐकलेलं होतं आणि विसरले होते. “सव्वादोन मुंबईच्या दर्याला,” ते म्हणाले, “आपल्याकडे आत यायला पाण्याला वेळ लागतो. बस, बघ.”

बसले. अडीचच्या सुमाराला पाणी पायऱ्या चढत होतं, चिखलातले निवटे मासे केव्हाच दिसेनासे झाले होते. पावणेतीनला वरून दुसऱ्या पायरीला पाणी लागलं आणि तिथेच हिंदकळत राहिलं. माझ्या पडद्यावर त्या क्षणी रेघ तळाशी चालली होती. मशीनवर एकही चूक न दाखवणारा प्रोग्राम आणि समोर भरलेली खाडी. नाखवांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. मला चहा पाजला.

चूक घरी सापडली. छापील आकडे ग्रीनिचच्या वेळेला धरून होते आणि मी उत्तर भारतीय वेळ समजून वाचत होते. फरक साडेपाच तासांचा. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळ साधारण सव्वासहा तास. म्हणजे चूक नेमकी अशी की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी यावी! दुसरा कुठलाही फरक असता तर कदाचित मला एवढ्या ठसठशीतपणे दिसला नसता.

नंतर पाऊणपटीचाही उलगडा केला, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं बारा अंशांचं अंतर. चंद्राला बारा अंश पुढे जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात भरती सुमारे ४८ मिनिटांनी पुढे सरकते. ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. पाऊण तास म्हणजे ४५. पंधरा तिथींनंतर या ढोबळ हिशेबाची चूक पाऊण तासाच्या वर जात नाही, आणि तोवर पौर्णिमा किंवा अमावास्या येऊन मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. होडी हाकणाऱ्याला तोंडी करता यावं असं, आणि चूक साचू न देणारं गणित. माझ्या प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत आता हाच नियम आहे: लाटांची बेरीज काहीही सांगो, पाऊणपटीच्या दीड तास इकडेतिकडे गेली तर थांब आणि मला विचार.

पुढचे चार महिने दर रविवारी मी बंदरावरच्या एका खांबावर अर्ध्या-अर्ध्या फुटाने तेलरंगाच्या रेघा ओढून पाणी वाचलं, वहीत लिहिलं. मुंबईच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची ते त्या वहीने सांगितलं. उधाणाला आणि भांगाला तो आकडा सारखा नसतो.

खेळाची कल्पना इथूनच आली. प्रोग्राममध्ये पाणी चढत-उतरत होतं, त्यात माणूस सोडला तर? चित्रं नाहीत, आवाज नाही. मजकूर वाचायचा, पर्याय निवडायचा, आणि प्रत्येक निवडीला घड्याळ पुढे जातं, पाणी हलतं. भरतीला जी गल्ली होडीने पार होते ती ओहोटीला चिखल. ऐरोलीहून निघून वाशीच्या दारापर्यंत पोचायचं.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी हे आधीही केलंय. डग्लस ॲडम्स यांनी १९८४ साली इन्फोकॉम या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या स्टीव्ह मेरेत्झ्की यांच्याबरोबर आपल्या कादंबरीचा मजकुरी खेळ केला. ऑस्ट्रेलियातले ग्रेग ईगन आपल्या कादंबऱ्यांतल्या अनोख्या भौतिकशास्त्राची गणितं आणि चालती चित्रं स्वतः प्रोग्राम लिहून मांडतात. ईगन यांचं मला जास्त जवळचं वाटतं. आधी जग चालवून बघायचं, मग त्यातली माणसं.

खेळासाठी मी ट्वाइन घेतलं. ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली आणलेलं, मजकुरी खेळ करायचं हे साधन फुकट आहे. एकेक प्रसंग चौकटीत लिहायचा, दुहेरी चौकटी कंसात [[दार उघड]] असं लिहिलं की त्या नावाची नवी चौकट तयार होते आणि दोघींत बाण येतो. देवनागरी विनातक्रार चालते. शेवटी सगळा खेळ एकाच फाइलमध्ये बाहेर पडतो, मोबाइलवरही उघडतो. ब्राउझरमध्ये काम केलं तर चौकटी त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहतात. मी ते वाचलं होतं. तरी एका संध्याकाळी मशीन हळू चालतंय म्हणून ब्राउझर साफ केला आणि बासष्ट चौकटी गेल्या. एकोणीस पहाटांचं लेखन. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. आता रोज रात्री संग्रह उतरवून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात टाकते, कादंबरीही तिथेच असते, एका ओळीत एकच वाक्य, म्हणजे कुठलं वाक्य केव्हा बदललं ते दिसतं.

गेलेल्या चौकटी पुन्हा लिहिल्या आणि भाचीला खेळायला दिल्या. ती तेरा वर्षांची. आमच्या ओट्याला टेकून मोबाइलवर मोठ्याने वाचत होती, मी मटार सोलत होते. मी लिहिलं होतं, ‘तू चिखलात घसरलास.’ तिने वाचलं, “तू चिखलात घसरलीस.” पुढे ‘तू आत गेलास’ होतं, तिने वाचलं, “तू आत गेलीस.” अडखळली नाही, तक्रार केली नाही, डोळे एक वाचत होते आणि तोंड दुसरं बोलत होतं. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. मी हात पुसून तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पडद्यावरचे माझेच शब्द वाचले.

बाई मी. नायिका बाई. वाचणारी मुलगी. आणि ‘तू’ म्हणताना माझ्या हातातून पुरुष उतरला होता, बासष्टच्या बासष्ट चौकटींत, दोनदा. तिला विचारलं, “बदलून का वाचतेस?” ती म्हणाली, “मावशी, असं सगळीकडेच असतं. बदलायचं आपलं आपण.”

इंग्रजीत ही अडचणच येत नाही, म्हणून कुठल्याही मार्गदर्शिकेत तिचं उत्तर नव्हतं. सुरुवातीलाच ‘तू मुलगा की मुलगी’ विचारावं का? मला खाडीच्या तोंडाशी फॉर्म भरून घ्यायचा नव्हता. ‘तुम्ही’ केलं तर सुटतं. ‘तुम्ही गेलात’ कोणालाही चालतं. पण माझ्या खेळात बंदरावर एक आजी बसलेली आहे आणि ती कोणाला ‘तुम्ही’ म्हणणं शक्य नाही.

तेव्हा मी मराठीचं व्याकरण काढून बसले आणि मला त्यात दारं दिसायला लागली. ‘तू जाशील’ यात लिंग नाही. ‘जा’, ‘थांब’, ‘ओढ’ यांत नाही. ‘तुला दिसतं’, ‘तुला भीती वाटली’ यांत नाही. आणि सगळ्यांत मोठं दार म्हणजे सकर्मक भूतकाळ. ‘तू दार उघडलंस’ यात क्रियापद दाराच्या मागे जातं, उघडणाऱ्याच्या नाही. ‘दोरी सोडलीस’ मुलालाही म्हणतात, ‘दिवा लावलास’ मुलीलाही. थोडी क्रियापदं मात्र हट्टी. ‘पाणी प्यायलास’ की ‘प्यायलीस’, ‘चावी विसरलास’ की ‘विसरलीस’, तिथे वाट नाही. ती मी वगळली.

सगळ्या चौकटी तिसऱ्यांदा लिहिल्या. ‘तू चिखलात घसरलास’च्या जागी ‘चिखलाने तुझा पाय ओढला’. ‘तू थकलास’च्या जागी ‘तुझे हात भरून आले’. ‘तू आत गेलास’च्या जागी ‘तू उंबरा ओलांडलास’. वाक्यं शरीराच्या जवळ आली. मी पंधरा वर्षं लिहितेय, पण ‘ती थकली’ लिहून पुढे जाण्याची सवय मला या अडचणीने मोडायला लावली. कादंबरीतलीही कितीतरी ‘ती थकली’ त्यानंतर बदलली, जिथे लिंगाचा प्रश्नच नव्हता तिथेही.

सामान्यरूपाने वेगळं छळलं. खेळात वस्तू बदलतात, म्हणून यंत्राला सांगायचं, ‘अमुक’ला ‘ने’ लाव. यंत्र लावतं: ‘दिवाने’, ‘डबात’, ‘वल्हंने’. शेवटी प्रत्येक वस्तूच्या चार नोंदी हाताने भरल्या: वल्हं, वल्ह्या, वल्ही, आणि नपुंसकलिंग अशी खूण. एकतीस वस्तू. या कामात विशेष काही नाही, चिकाटी लागते एवढंच. पण तो तक्ता मी जपून ठेवलाय. मराठीत असा खेळ करू पाहणारं कोणी भेटलं तर त्यांना देईन.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन बंदरावर गेले. तिने नाखवांना खेळ वाचून दाखवायला घेतला. ते जाळं सांधत ऐकत होते. घणसोलीपर्यंत छान गेलं. मग प्रसंग आला: दार मिटलेलं, होडी चिखलाला लागलेली, पलीकडे आजीचा दिवा. भाचीने पर्याय वाचले: चिखलातून चालत जा. होडी ढकल. हाक मार.

“थांब,” नाखवा म्हणाले.

भाची थांबली.

“तुला नाही. त्याच्यात सांग. थांब म्हणावं. पाणी उतरू दे, मग चढू दे.”

“तसं त्यात नाहीये,” ती म्हणाली आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

खरंच नव्हतं. दीडशेच्या आसपास चौकटी, पाण्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब, आणि कुठेही स्वस्थ बसण्याची सोय मी ठेवली नव्हती. पाण्याच्या वेळेवर जगणाऱ्या बाईची गोष्ट लिहीत होते आणि तिला एकदाही बसू दिलं नव्हतं.

त्या रात्री प्रत्येक चौकटीत एक पर्याय घातला: [[थांब]]. निवडला की घड्याळ अर्धा तास पुढे जातं, पाण्याबद्दल एक ओळ येते, आणि तीच जागा पुन्हा समोर. त्या ओळी मी रविवारच्या वहीतून घेतल्या. निवटे कधी बाहेर येतात, तिवरांच्या मुळ्यांवर पाण्याची ओली रेघ कुठे राहते, फ्लेमिंगो कुठल्या पातळीला चिखलात उतरतात. खेळात आता काही जण दार गाठायच्या आधी आठ-आठ वेळा थांबतात. भाची सहा वेळा थांबली.

नवव्या प्रकरणातलं ते वाक्य काढलं. तृतीया आहे, पावणेतीन वाजलेत, दार मिटलंय. राखणदार बंदराच्या पायरीवर बसली आहे. तिच्या दाराबाहेरची खाडी तळ्याच्या पातळीखाली उतरायला साडेपाच तरी होतील. मी सव्वाचारपर्यंत आले आहे.